डोंगराखालच्या घरातली झोप

महाडला नर्सिंगच्या मुलींना शिकवत असताना माझं संशोधन पोलादपूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात चालू होतं. ताप-खोकल्यासाठी, बीपीसाठी येणाऱ्या माणसाचं मन आजारी असेल तर तिथल्या नर्सला ते ओळखता येतं का, आणि उपचार तिथेच होऊ शकतात का, एवढंच मला पाहायचं होतं.

कापडे गावाजवळच्या एका वाडीतून भातशेती करणारे एक काका सारखे बीपी तपासायला येत. बीपी बहुधा ठीकच निघे. सोबत बायको असायची. ती पिशवी धरून दाराशी उभी राहायची.

एकदा नर्सने पट्टा सोडता सोडता विचारलं, "काका, झोप कशी लागते?"

"घरात नाय लागत."

काही वर्षांपूर्वी मागच्या डोंगराचा एक भाग त्यांच्या गोठ्यावर आला होता. बैल गेले, माणसं वाचली. तेव्हापासून पाऊस लागला की काका अंथरूण उचलून शाळेच्या पडवीत जात.

"डोंगर अंगावर येतोय असा वाटतो. छातीत धडधडतं. मग बीपीच ना ते?"

नर्सने मोठ्या दवाखान्यातल्या मानसोपचार डॉक्टरांचं नाव काढलं, तसे काका उठले. "मला येडा ठरवताय?"

"बसा. कुठे जायचं नाही. औषध इथेच देऊ."

केंद्रातल्या डॉक्टरांनी फोनवर तज्ज्ञांशी बोलून गोळ्या सुरू केल्या. नर्स दर आठवड्याला काकांशी बोले आणि मी कोपऱ्यात बसून ऐके. डोंगर खराच होता, त्यामुळे भीती खोटी आहे असं त्यांना कुणी सांगितलं नाही. अतिवृष्टीचा इशारा आला की घरातल्या सगळ्यांनी शाळेत जायचं, एरवी घरी झोपायचं, असं नर्सने त्यांच्याशी ठरवलं.

भात झोडून झाल्यावर काका आले आणि म्हणाले, परतीच्या पावसातही घरात झोप लागली. नर्स हसली. मला वाटलं, ही हकिगत इथे संपली.

तेवढ्यात काकू आत आल्या आणि स्टुलावर बसल्या. "यांचा झाला. आता माझा बघा."

"तुला काय झालंय?" काकांनी विचारलं.

"तुम्ही शाळेत जायचात. सासूला चालता येत नाय. तिला घेऊन घरात कोण होता? मीच ना?"

"कधी बोलली नायस."

"कुणी विचारलान?"

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं. तिने काकूंना तेच प्रश्न विचारले. त्यांचा आजार काकांच्या आजारापेक्षा जुना आणि जड निघाला. कित्येक महिने त्या आमच्यासमोर उभ्या होत्या. रुग्णासोबत येणाऱ्यांना काही विचारायचं, असं माझ्या संशोधनात कुठे नव्हतंच. पुढे मी ते बदललं; त्याची मंजुरी यायला वेळ लागला, काकूंचे उपचार मात्र त्याच दिवशी सुरू झाले.

त्यांना बरं वाटायला काकांपेक्षा जास्त दिवस लागले. मध्येच त्यांनी गोळ्या सोडल्या, पुन्हा सुरू केल्या. मग एका उन्हाळ्यात डोंगरापासून लांब, दिराच्या रस्त्यालगतच्या जागेत त्यांनी पत्र्याची खोली उभी करायला घेतली. काका वडिलांचं घर सोडायला तयार नव्हते.

"मी आईंना घेऊन चालले," काकू म्हणाल्या. "तुम्ही या, नाय तर राहा."

चार दिवसांनी काकाही तिथे राहायला गेले.

अलीकडे काकू एकट्याच औषधाला येतात. नवीन घरात कसं वाटतं, असं मी गेल्या वेळी विचारलं.

"पत्र्याखाली लय गरम होतं," त्या म्हणाल्या.