कडा न छाटणारे मामा

जगातल्या चित्रांना कात्रीपासून वाचवायचं काम देवानं एकाच माणसावर सोपवलंय, आणि तो माणूस श्रीरामपुरात, आमच्या घराखाली फ्रेमचं दुकान थाटून बसलाय. त्यांना सगळी आळी मामा म्हणते. कपाळाला बुक्का आणि तोंडात मरियेची नि येशूची पुराणं! आमच्याकडे चर्चला जाणारी घरं भरपूर. त्यांच्या भिंतींवरच्या जुन्या इटालियन चित्रांच्या छापील प्रती जन्मभर काचेआड घालता घालता ती चित्रं मामांशी बोलायला लागली. एक बाई म्हणाल्या, "कपाटावर मावत नाही हो, देवदूताच्या हातातली ती कडेची फुलं छाटा." झालं! मामा कडाडले, "फुलं न्हाईत ती, मरियेची निर्मळता हाय. कपाट छाटा!" येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र घेऊन आलेल्या फादरांनाही सोडलं नाही. "येशूला दगा देणाऱ्यापाशी मीठ सांडलंय, दिसलं का?" बिचारे फादर चष्मा पुसून पुन्हा वाकले. मला एकदा मामा बाळ येशूच्या मुठीतलं पाखरू दाखवून म्हणाले, "हे पुढचं, क्रुसावरचं दुखणं. आईला ठावं हाय, म्हनून ती हसत न्हाई. पन तोंड काय, समदेच बघत्यात. तुमी हात बघा." तेव्हापासून मी एसटीत लोकांचे हात बघते आणि लोक पाकिटं सांभाळतात.

गेल्या थंडीत मामी गेल्या. दहाव्याला हार घालायला फोटो हवा, आणि जन्मभर दुसऱ्यांचे फोटो मढवणाऱ्याच्या घरात मामींचा एकटीचा फोटोच नाही! होता तो दोघांचा, जत्रेत काढलेला. मी नको तो शहाणपणा केला. मोबाईलवर मामांना छाटून, मामींचा तेवढा मोठा करून आणला. मामांनी तो बराच वेळ बघितला. मग हळूच विचारलं, "हिचा हात कुठं गेला?"

हात मनगटापासून कापला गेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामांनी मूळ फोटोच मढवला, चारी कडांसकट. त्यांच्या वहिनी ओरडल्या, "अवो भावजी, जित्या मानसाच्या फोटूला हार घालत्यात व्हय?"

मामा काच पुसत राहिले. "वैनी, तिचा हात माझ्या बाहीवर हाय. बाही कापली तर तिनं हात ठिवायचा कुठं?"

हार दोघांना घातला.

परवा दुकानात डोकावले, तर मामा गिऱ्हाइकाशी हसून बोलत होते. मी तोंडाकडे बघितलं नाही, त्यांनीच शिकवलंय तसं. त्यांचा एक हात दुसऱ्या हाताच्या बाहीवर होता, फोटोत मामींचा आहे अगदी तिथंच.