आमच्या तीन लेन आणि शैलाकाकू

खरं तर हे मी सांगायला नको. आम्हा चौघींकडून तसा शब्दच घेतलेला आहे, आणि तोही छातीभर पाण्यात उभं करून. पण टँकवरचे किस्से ओल्या टॉवेलसारखे असतात. वेळेवर वाळत घातले नाहीत की पिशवीत साठतात आणि मग वास सुटतो. म्हणून लिहून टाकते. बोलून सांगणं मला जमलं नसतं. वर्गात हजेरी देतानासुद्धा माझा आवाज बाईंच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही.

टँक म्हणजे श्रीवर्धनचा आमचा स्विमिंग टँक. सहा लेन. संध्याकाळी मधोमध एक दोरी बांधतात. दोरीच्या या बाजूच्या तीन लेन टीमच्या, पलीकडच्या तीन सदस्यांच्या. टीम म्हणजे सर आणि आम्ही शाळेतली मुलं. सदस्य म्हणजे उरलेलं गाव.

या उन्हाळ्यात टँकवर गर्दी झाली आणि सदस्यांनी मागणी केली, की टीमनं पहाटे पाचला यावं आणि संध्याकाळ सगळी त्यांना द्यावी. मागणी करणाऱ्यांत सगळ्यात पुढे होत्या शैलाकाकू, महिला बॅचच्या प्रमुख. आम्हाला पहाटे उठायचं काही वाटत नव्हतं. पण सानिया बोर्लीहून एसटीनं येते आणि तिकडची पहिली एसटी सात वाजल्याशिवाय येत नाही. तिचे अब्बा बाहेरगावी नोकरीला, घरी गाडी चालवणारं कुणी नाही. पहाटेची वेळ ठरली की सानियाचं पोहणं बंद. आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत रिलेला चौघी लागतात. मी, सानिया, रिया आणि सिद्धी. पाचवी कुणी नाहीच.

तर महिनाभर आम्हाला ही काळजी होती. तरी हसू यायचं ते यायचंच.

*

समुद्र पाच मिनिटांवर असताना टँक कशाला, हे गावातल्या पुष्कळ लोकांना अजून कळलेलं नाही.

आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या पार्वतीबाय एकदा पाटी खाली ठेवून कुंपणापाशी उभ्या राहिल्या. सरांनी आम्हाला लांबलचक सराव दिला होता. आम्ही या टोकाहून त्या टोकाला, त्या टोकाहून या टोकाला. बाय पुष्कळ वेळ बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही. सरांना हाक मारून म्हणाल्या, "ओ मास्तर, ही पोरं जातात नि परत येतात, जातात नि परत येतात. रोज रोज पलीकडं इसरतात तरी काय?"

*

शैलाकाकूंची महिला बॅच उथळ बाजूला चालते. पोहत नाही, चालते. पाच-सहा जणी हातात हात घालून पाण्यातून भिंतीपर्यंत जातात, वळतात आणि भाज्या, सुना, गॅसची टाकी असे विषय घेत परत येतात. काकूंची जागा नेहमी दोरीला लागून. आमची वळायची भिंतही तिथेच.

मी टीममध्ये नवी होते तेव्हाची गोष्ट. मी भिंतीला हात लावला आणि दोरीपलीकडून प्रश्न आला, "तू कुणाची गं?"

मोठ्या माणसांना उत्तर न देता जाणं बरं दिसत नाही. मी डोकं वर काढून म्हणाले, "पाटलांची." आणि वळले.

खोल बाजूला जाऊन परत आले. काकू तिथेच. "पाटील ढिगानं आहेत बाई. कुठले?"

"बाजारपेठेतले." वळले. गेले. आले.

"म्हणजे ते दुकानवाले? आणि आई कुठची?"

"रोह्याची." वळले.

असं करत सराव संपेपर्यंत काकूंनी माझ्या मामाच्या लग्नापर्यंत मजल मारली. बाहेर आले तर सर घड्याळ घेऊन उभे. "पाटील, पोहतेस छान. पण दर वळणाला वेळ जातोय. जातो कुठे इतका वेळ?"

रिया टॉवेलनं कान पुसत म्हणाली, "सर, तिच्या आईच्या माहेरी!"

*

दोरीपलीकडचं दुसरं मोठं नाव म्हणजे नाना. सगळ्यात जुने सदस्य. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते रोज टँकवर येतात आणि उताणे तरंगतात. हात नाही, पाय नाही, काही हलत नाही. पोट वर, पायाचे अंगठे वर, डोळे मिटलेले.

एक नवीन लाइफगार्ड आला होता, रत्नागिरीकडचा. पहिल्याच दिवशी त्यानं नानांना पाहिलं, शिट्टी फुंकली, कपड्यांसकट उडी मारली आणि नानांना काखेत धरून काठाशी आणलं. 

नानांनी एक डोळा उघडला. म्हणाले, "झाली का वेळ? आज लवकर झाली."

नाना तरंगता तरंगता दोरीखालून आमच्या लेनमध्ये येतात. सुरुवातीला आम्ही थांबायचो. मग सरांनी नियमच केला. "नाना आले तर थांबायचं नाही. पायाला हळूच हात लावून दोरीकडे ढकलायचं आणि पुढं जायचं." आम्ही तसं करतो. नाना डोळे न उघडता "थँक यू" म्हणतात आणि आल्या वाटेनं जातात. रिया याला पार्सल परत करणं म्हणते. नानांसमोर नाही म्हणत.

*

संक्रांतीला काकूंच्या बॅचनं हळदीकुंकू टँकवरच केलं. बाहेर वारा गार आणि पाणी त्या मानानं कोमट, त्यामुळे बाहेर यायला कुणीच तयार होईना. शेवटी काकूंनी तबक रबरी ट्यूबवर ठेवलं आणि ट्यूब एकीकडून दुसरीकडे ढकलत सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. तिळगूळ मात्र डबा डोक्यावर धरून वाटला.

वाण म्हणून प्रत्येकीला एक पोहायची टोपी दिली. लाइफगार्ड रोज टोपीवरून ओरडायचा, त्यावर उपाय. पण काकूंनी घाऊक घेतल्या त्या सगळ्या केशरी, आणि आमच्या टीमची टोपीही केशरीच. त्यानंतर लांबून बघणाऱ्याला पाण्यात नुसत्या केशरी टोप्या दिसायच्या.

सरांचा चष्मा त्या आठवड्यात दुरुस्तीला गेला होता. एका संध्याकाळी त्यांना दिसलं, की भिंतीपाशी कुणीतरी निवांत उभं आहे.

"ए! झोपलीस का तिथे? नीघ! पाय मार!"

ती टोपी गडबडली आणि निघाली.

"हात लांब! अजून लांब! थांबायचं नाही! मधेच उभी राहिलीस तर परत पहिल्यापासून!"

टोपी खोल बाजूला पोहोचली, वळली, पाणी उडवत, फुरफुरत परत आली. सिद्धी अजून यायची होती. आम्ही तिघी बाकावर बसून बघत होतो आणि सानिया माझ्या शेजारी पुटपुटत होती, "या अल्ला, सरांना सांगा कुणीतरी."

कुणाची छाती झाली नाही. टोपी भिंतीला लागली, डोक्यावरून सुटली, आणि आतून पिकलेले केस घेऊन शैलाकाकू वर आल्या. त्यांना पोहता येतं हे त्यांच्या बॅचलाही माहीत नव्हतं.

सरांच्या तोंडातली शिट्टी गळ्यात पडली. "काकू... माफ करा, मला वाटलं..."

काकूंना धाप लागली होती. त्यांनी हात वर करून सरांना थांबवलं. "ते राहू द्या हो. टाइम किती झाला ते सांगा!"

*

अशा काकू. आणि त्यांनीच उन्हाळ्यात आमची संध्याकाळ मागितली. "पोरं वाईट नाहीत," त्या म्हणाल्या, "पण ती हात मारतात आणि पाणी आमच्या नाकात जातं. आम्ही काय नाकानं पाणी प्यायला येतो?"

नाना मध्ये पडले. ठरलं असं, की एक आठवडा टीमनं पहाटे येऊन बघायचं आणि रविवारी सगळ्यांनी बसून कायमचं ठरवायचं.

सानियानं शनिवारी तिचा गॉगल माझ्याकडे दिला. म्हणाली, "ठेव तुझ्याकडे. तुझ्या गॉगलात पाणी जातं ना." मी घेतला. काही बोलायला हवं होतं. सुचलं ते घरी आल्यावर.

त्या आठवड्यात संध्याकाळी सहाही लेन सदस्यांच्या झाल्या. एवढा मोकळा टँक त्यांना कधी मिळाला नव्हता. आणि दुसऱ्याच दिवशी नाना तक्रार घेऊन ऑफिसात आले. "काय चाललंय काय? काल कुणी ढकललंच नाही! तासभर मी एकाच जागी!"

*

पहाटेच्या पहिल्या दिवशी शैलाकाकू स्वतः बघायला आल्या. त्यांना सगळ्यांना सांगायचं होतं, की पोरं कशी मजेत आहेत. गेटपाशी उभं राहून त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली. मग भिंतीपाशी येऊन खाली वाकल्या.

"ती बोर्लीची कुठाय?"

रिया खोल बाजूला होती. सिद्धी पाण्याखाली. भिंतीपाशी मी एकटी.

"काकू, तिची एसटी सातला येते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून परत म्हणाले, "सातच्या आधी तिला यायला काहीच नाही. ती आता येणार नाही."

 काकू "हं" म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं, आपण उद्धटपणे बोललो.

दुसऱ्या दिवशी अजून उजाडलं नव्हतं तेव्हा गेटातून काकूंची स्कूटर आत आली. मागे सानिया बसली होती. केस वाऱ्यानं पिंजारले होते, पण तोंडभर हसत होती.

काकूंनी स्कूटर स्टँडला लावली. "हिच्या अम्मीनं चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही, म्हणून उशीर झाला," त्या सरांना म्हणाल्या. मग आम्हा चौघींना पाण्यात उतरवलं, रांगेत उभं केलं आणि बोट नाचवत म्हणाल्या, "हे बाहेर कळलं तर याद राखा! म्हणतील, शैला पलटली. मी पलटलेली नाही. रविवारी मी पहाटेच्याच बाजूनं बोलणार आहे. समजलं?"

आम्ही माना डोलावल्या.

त्या आठवडाभर रोज आल्या. रोज बडबडत आल्या. "मेला तो रस्ता," "मेली ती कुत्री," "मेला तो अंधार." एकदा तर स्कूटर लावून बाकावर बसल्या आणि बसल्या बसल्याच घोरायला लागल्या. सरांनी आम्हाला शिट्टीऐवजी हातानं खुणा केल्या.

*

रविवारी टँकच्या शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. टीमला एका बाजूला उभं राहायची परवानगी होती, बोलायची नाही. शैलाकाकू पहिल्या रांगेत, काळा चष्मा लावून, हाताची घडी घालून, ताठ. त्यांचा तो अवतार बघून सानियानं माझा हात धरला. 

नाना म्हणाले, "टीम कायमची पहाटे असावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. नानांनी मोजले. मग, "ज्यांना वाटत नाही, त्यांनी." पुन्हा मोजले. दोन्हीकडे सारखेच.

"एक हात राहिला," नाना म्हणाले. "शैला, तू दोन्हीकडे केला नाहीस. मागणी तर तुझीच आहे."

काकू गप्प.

"शैला?"

शेजारच्या काकूंना वाटलं, रागावल्या. त्यांनी हळूच कोपर लावलं. शैलाकाकूंची मान एका बाजूला कलंडली आणि शेडमध्ये घोरण्याचा बारीक आवाज आला.

"अगं शैला!" नाना ओरडले.

काकू दचकल्या. दोन्ही हात पुढे करून त्यांनी हवेत हँडल घट्ट पकडलं आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "धरून बस गं सानिया, पुढे खड्डा आहे!"

 नानांनी एकदा काकूंकडे बघितलं. मग सानियाकडे. सानिया खाली फरशीकडे बघत होती. सिद्धीही. सर तर छताकडे बघत होते.

नानांनी घसा साफ केला. "टीम संध्याकाळीच येईल. पुढचा विषय, शॉवरची गळती."

मीटिंग संपल्यावर काकूंनी आम्हा चौघींना गेटपाशी गाठलं. चष्मा कपाळावर चढवला आणि नेमकं मलाच विचारलं, "काय गं, मी झोपेत काही बोलले का?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून "नाही काकू" म्हणाले. अगदी स्पष्ट. एवढं स्पष्ट मी कधीच कुणाशी बोलले नव्हते. पण मागून रिया पुढे आली, आणि तिनं काकूंच्या स्कूटरकडे बघत विचारलं, "काकू, तो खड्डा लागला का हो?" मग काकूंनी

"पाटील! पाच वाजले! लिहिणं पुरे, दोरीचं टोक धर!"

आले, सर. एवढं एक वाक्य पूर्ण