बरोबर बारा टक्के

झरीच्या सोयाबीन खरेदी केंद्रावर मी कॉम्प्युटर सांभाळते. रोज संध्याकाळी साहेब विचारायचे, अमक्या गावाचा, बारा टक्क्यांपर्यंत ओलावा असलेला माल किती क्विंटल आला? आम्ही फिल्टर लावून कॅल्क्युलेटर बडवत बसायचो. मला त्याचा वैताग आला, म्हणून एक दिवस मी फॉर्म्युलाच लिहिला. आधी बेरजेचा रकाना, मग गावाची अट, ओलाव्याची अट. आकडा आला, पण गोदामातल्या त्या गावाच्या पोत्यांच्या थप्पीपेक्षा कितीतरी कमी.

"कॉम्प्युटर चुकायलाय," साहेब म्हणाले.

मला रागच आला. कॉम्प्युटर कशाला चुकेल? एकेक ओळ तपासली. ओलावा बारापेक्षा कमी, अशी अट मी घातली होती. आणि आमचे शेतकरी तर दाणा दाताखाली फोडून बघतात आणि माल नेमका बारावर आणतात, कारण त्याहून वाळवला तर वजन घटतं. ते सगळे ढीग बेरजेतून गळाले होते, माझ्या वडिलांचासुद्धा! अटीत बरोबरचं चिन्ह टाकलं आणि बेरीज थप्पीशी तंतोतंत जुळली.

घरी हे सांगितलं, तर वडील गल्लीभर सांगत सुटले, "बारावर वाळवलं म्या, पण मोजलं माझ्या पोरीनं!"