बायजाबाईची पाणजांभळं

शिरवण्याच्या बायजाबाईशी वाद घालून कुणी जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी तिची पुतणी. मीही पुष्कळदा हरले आहे.

आमच्या घरांत लग्नाच्या मांडवावर पाणजांभळाचे टाळे, म्हणजे पानाफुलांच्या फांद्या, घालतात. पाणजांभूळ म्हणजे जांभळाचंच धाकटं भावंड. ओढ्याकाठी पुरुषभर उंचीचं झुडूप वाढतं आणि उन्हाळ्यात पांढऱ्या तुऱ्यांनी भरून जातं. पंचाहत्तरच्या सुमारास नव्या शहरासाठी शेतं गेली, भराव पडला आणि त्याखाली ओढ्याकाठची झुडपंही गेली. गावाला त्याचं काही वाटलं नाही. रस्त्याकडेला निलगिरी होती, तिच्या फांद्या मांडवावर चढू लागल्या. बायजाबाई तेव्हा नुकतीच विधवा झालेली, पदरात पुतळा नावाची लहान मुलगी. एका लग्नात भर पंगतीत ती म्हणाली, "माझे पोरीचे मांडवावर निलगिरी नाय चरनार. औषधाचे बाटलीचा वास येतो तिला."

लोक हसले. त्या हसणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

तिच्या माहेरी, महापेला, डोंगराखालच्या ओढ्यावर थोडी झुडपं शिल्लक होती. तिथून तिने फळं आणली आणि भात पिकवणाऱ्यानेच करावी अशी चूक केली. बिया कडक उन्हात वाळवल्या, राखेत घोळून मडक्यात ठेवल्या आणि पुढच्या पावसाळ्याआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजून, म्हणजे राब करून पेरल्या. भाताला हे सगळं मानवतं. इथे एक कोंब वर आला नाही.

थोरले दीर धर्मराज म्हणाले, "रानातला झार हाय तो. मानसाचे हाताने नाय होत."

"मानसाचे हाताने गेला, मानसाचे हाताने येईल," ती म्हणाली.

त्याच जूनमध्ये ती पुन्हा महापेला गेली. या खेपेला फळं खाता खाता बिया ओल्याच मातीत टोचल्या. त्या उगवल्या. मग भाताची लावणी करावी तशी तिने रोपं उपटून घरामागच्या नाल्याकाठी लावली. शेळ्यांना हाकललं, धुण्याचं पाणी घालून उन्हाळे काढले. एकदा नाल्यात राडारोडा टाकायला ट्रक आला, तर त्याच्यापुढे खाट टाकून बसली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, ती पुतळाच्या केसांना तेल लावत राहिली. शेवटी ट्रकच मागे फिरला.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात पुतळाचं लग्न ठरलं. झुडपं पांढरीशुभ्र फुलली होती. मांडवाच्या सकाळी बायजाबाई कोयता घेऊन निघाली, तर धर्मराज वाटेत उभे. मागे टेंपोत निलगिरीच्या फांद्या.

"रांडावलेले बाईने मांडवाचा टाला तोराचा नाय. तू लावलेली झारा बी नकोत. पोरीचा वाईट व्हईल."

लग्नाचे धवले गाणारी वेणूबाई मधेच थांबली.

"भावोजी, इतकी वर्सं पानी याच हाताने घातला. तवा कोन आरवा नाय आला. तुमाला भ्या वाटत असंल तं तुमी मांडवाखाली येऊ नका."

ती त्यांना वळसा घालून गेली, भारा तोडून आणला आणि स्टुलावर चढली. स्टूल डुगडुगत होतं. धरायला कुणी पुढे होईना. तेव्हा हळद लागलेली पुतळा पाटावरून उठली. नवरीने उठायचं नसतं, तरी उठली. पिवळ्या हातांनी तिने स्टूल घट्ट धरलं आणि धर्मराजांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आये, डावे बाजूला अजून मोकला दिसतंय. तिकरं पन घाल."