केदारची जिभेखालची गोळी

माझा भाऊ हार्ट अटॅकने गेला नाही.

आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर तसं फिरतंय, म्हणून सांगते. केदार ओव्हरडोसने गेला.

आई-बाबांना विचारून लिहितेय. त्यामुळे "घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला" असं इनबॉक्समध्ये येऊन कुणी शिकवू नका. काल तेरावं झालं. आता लपवायचं कुणासाठी?

इथे शिकागोजवळ नेपरव्हिलला स्वतःच्या घरासमोर बर्फावरून घसरला होता, आठवत असेल काहींना. पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पेनकिलर दिल्या.
पाठ बरी झाली, गोळ्या सुटेनात. प्रिस्क्रिप्शन संपलं तसं कुठून कुठून आणायला लागला.

हे फक्त मला माहीत होतं. माझ्या शॉमबर्गच्या किचनमध्ये उभा राहून भडाभडा रडत सांगितलं त्याने.

व्यसन सोडवायच्या क्लिनिकमध्ये चल म्हटलं तर म्हणतो, "ताई, वेटिंग रूममध्ये मंडळातलं कुणी भेटलं तर काय सांगू? फ्लू शॉट घ्यायला आलोय?"

डोळे पुसता पुसता जोक. असा होता मेला.

मग कळलं की ही ट्रीटमेंट घरबसल्या मिळते. डॉक्टर व्हिडिओवर, औषध कोपऱ्यावरच्या फार्मसीत, आणि ऑफिसच्या इन्शुरन्समध्ये सगळं कव्हर.
मी देवापुढे साखर ठेवली त्या दिवशी.

आणि गुण आला हो! खरंच आला.

रोज सकाळी ही तलफ मारणारी गोळी जिभेखाली ठेवायची. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही, खायचं-प्यायचं नाही. एवढंच पथ्य.
चेहरा भरला. पुन्हा क्रिकेट खेळायला जायला लागला. मला फोन करून उगाच पिडायला लागला.

एकट्याच्या घरात हे सगळं सोपं होतं.

उन्हाळ्यात आई-बाबा आले. नाशिकहून मेतकूट, चकल्या, बॅगा भरभरून. सहा महिने त्याच्याकडेच राहणार होते.

आता आमच्या घरात सकाळ म्हणजे एकत्र चहा आणि अखंड बडबड. आणि हा पोरगा नेमका तेव्हा तोंड मिटून बसलेला.

"अरे, चहा गार होतोय."
हा नुसता हाताने थांब म्हणायचा.
"बोलायला पैसे पडतात का रे तुला?"
बाबा म्हणायचे, "राहू दे गं. साहेब झालेत आता ते."

आई मला फोन करून रडली. "आम्ही त्याला नकोसे झालोय."

डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल तो बेडरूममधून घ्यायचा. आमच्याकडे मुलाच्या खोलीचं दार वाजवायची पद्धत कुठे आहे? आई सफरचंद कापून थेट आत.
त्याने धाडकन लॅपटॉप मिटला. पुढची अपॉइंटमेंट कॅन्सलच केली.

मी म्हटलं, सांगून टाक त्यांना.
"बाबांना? डोकं फुटायची वेळ आली तरी बाम चोळतात, गोळी घेत नाहीत. त्यांना माझं हे सांगू?"
"मग मी सांगते."
"ताई, नको ना यार. प्लीज. थकलेत ते. मजेत जाऊ देत परत."
"औषध तरी घेतोयस ना?"
"हो गं बाई, घेतोय."

घेत नव्हता.

आई दुखावली जाऊ नये म्हणून त्याने औषध बंद केलं. एवढं साधं आहे हे. एवढं मूर्खासारखं आहे.

अंग मोडून आलं, घाम, जुलाब, झोप नाही. आईला वाटलं, व्हायरल आहे. तिने काढा केला, मऊ भात भरवला, त्याचे पाय चेपत बसली.

उठून बसला तसा बाबांबरोबर चहा प्यायला. खूप गप्पा मारल्या.
आई मला काय आनंदाने सांगत होती! "आजारपणाने का होईना, माझा केदार माणसात आला."

तिचं काय चुकलं, सांगा ना मला कुणीतरी.

त्यानंतरच्या एका शनिवारी दुपारी मी दोघांना मंदिरात घेऊन गेले. तो म्हणाला, काम आहे, तुम्ही जाऊन या.
परत आलो तर बाथरूमच्या फरशीवर पडला होता.

त्याच जुन्या पेनकिलरची एक गोळी. कुठून आणली देव जाणे.
जिभेखालचं औषध सुटलं की पूर्वी पचायचा तो डोससुद्धा शरीराला झेपत नाही म्हणे. मला हे आता कळलंय. आता कळून काय करू मी?

बाबा त्याच्या गालावर थापट्या मारत होते. "ऊठ रे. प्रसाद आणलाय तुझ्यासाठी." ॲम्ब्युलन्सवाल्यांनी अक्षरशः उचलून बाजूला केलं त्यांना.

गेल्या आठवड्यात मी त्याच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलले. आई शेजारी येऊन बसली. बोलणं संपत आलं. मग म्हणाली, "विचार त्या बाईंना. गोळी चालू असती तर वाचला असता का?"

मी विचारलं.
डॉक्टर हळूच म्हणाल्या, "मोस्ट लाइकली, येस. आय ॲम सो सॉरी."

मी आईकडे वळले. म्हटलं, "त्यांना तसं नक्की सांगता येत नाही म्हणतात."

आई स्क्रीनकडेच बघत होती.
"येस म्हणाली ती. तेवढं कळतं मला."

तेव्हापासून रोज समोर बसते माझ्या.

केदार, भावपूर्ण वगैरे मला नाही रे जमत लिहायला.
माझा धाकटा भाऊ होतास.
जा बाबा.