साक्री ते जळगाव: गोधडी शिवून नेल्याची शिक्षा

जळगावच्या प्रदर्शनवाल्यांनी जाहिरातीत लिहिलं होतं, "घरातली जुनी गोधडी आणा, जपानी गोधड्यांशेजारी लावू." "फाटकी असेल तशीच आणा" एवढं लिहायला यांच्या बोटांना काय लकवा झाला होता? आठ दिवस डोळे फोडले मी. असो. रामराम मंडळी.

जपानी बायकांचं शिवणकाम मी नातीच्या मोबाइलवर रोज बघते. निळ्या कापडावर पांढरा दोरा, तांदळाच्या दाण्याएवढा टाका. आपलाच धावदोरा, पण रांगेतला एकही टाका आगाऊपणा करत नाही. मला सहसा कुणाचं कौतुक सुचत नाही, विचारा सुनेला. या बायकांचं सुचतं. म्हणून जळगावला प्रदर्शन आहे कळल्यावर सासूनं शिवलेली गोधडी काढली. तिच्यामागं मीच ती तीस वर्षं सांधत आले. पार चिंध्या झालेल्या. चारचौघांत फाटकं नेलं तर घराची लाज जाते, म्हणून प्रत्येक भोकावर कोरं कापड लावलं.

जायचं असेल तर साक्रीहून सकाळची पहिली एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट. माझ्यासोबत धाकटी जाऊ सुमन होती आणि मांडीवर गाठोडं. कंडक्टर म्हणाला, "अक्का, गठुडानं बी तिकीट काढनं पडी."

"मंग त्याले शीट दे, मी उभी ऱ्हास," म्हटलं. तो पुढच्या शिटाकडं वळला.

धुळ्याला गाडी बदलायची. मधल्या वेळात शेवभाजी खा, तर्री एवढी की शेवेला पोहता यायला हवं. पुढं पारोळा, एरंडोल करत दुपारी जळगाव.

हॉलमध्ये पहिलीच जपानी गोधडी काचेत. ठिगळावर ठिगळ, कोपरे विरलेले, आतले थर उघडे. सुमन म्हणाली, "अक्का, आपला घरमा बी असाच चिंध्या शेतस. आपले कोनी काचमा ठेवत नही."

मी मात्र हलले नाही. एका जागी कापड कमी पडलं म्हणून त्या बाईनं बाहीचा तुकडा उभा जोडला होता. हे मीही केलंय. इतकं सरळ नाही जमलं.

मग प्रदर्शनाच्या मॅडमनी आमची गोधडी उलगडली. पुण्याच्या होत्या, हळू बोलायच्या. "आजी, ही तर नवीन आहे."

"पन्नास वर्षांची आहे. पावडर लावून आलीय."

"आम्हाला झीज दाखवायचीय. अशी नाही लावता येणार. चार वाजता उद्‌घाटन आहे."

एवढा प्रवास करून गाठोडं परत नेणाऱ्यातली मी नाही. तिथंच फरशीवर बसले. सुमनच्या पदराची पिन काढली आणि टाके उसवायला लागले. सुमन कापड ताणून धरायची आणि पुटपुटायची, "आठ दिन लावाले, एक दिन काढाले." आठ दिवस झाकलेली लाज दोन तासांत उघडी केली. खालून सासूच्या लुगड्याचा किरमिजी थर निघाला. तिचं-माझं कधी पटलं नाही, पण टाका तिचा सरळ होता, हे पहिल्यांदा नीट पाहिलं.

चारच्या आत गोधडी भिंतीवर, काचेतल्या त्याच जपानी गोधडीच्या शेजारी. खाली चिठ्ठी: "खानदेशी गोधडी. कारागीर अज्ञात."

"अज्ञात कोण? मी इथं उभी आहे," म्हटलं. दोन नावं लिहायला लावली, आधी सासूचं, मग माझं. तेव्हा शेजारची बारीक अक्षरातली चिठ्ठी सुमनकडून वाचून घेतली. तिथंही अज्ञात. मॅडमना विचारलं, हिचं नाव काय? म्हणाल्या, नोंद नाही. कापड किती जुनं, रंग कशाचा, सगळ्याची नोंद आहे.

घरी येऊन चार दिवस झाले. गोधडी महिनाभर तिकडेच आहे, पाय गार पडतात. पण डोक्यात तो बाहीचा तुकडा बसलाय. हे वाचणारं कुणी जपानात असेल तर चौकशी करा, ती कोण होती. उत्तर तिच्या घरच्या सुनेनं किंवा नातसुनेनं द्यायचं. मॅडमनी नाही, आणि पुरुषांनी तर नाहीच. त्यांना पांघरलेलं आठवतं, शिवलेलं नाही.