प्लेटांखालची सावली

पाटोद्याच्या बाजारात मी मिरची घेत होतो. शेजारच्या गयाबाईच्या मुलाचा फोन आला. म्हणला, "मामा, घरी या." मी विचारलं, आमच्या घरची बरी हाय का? तो परत तेवढंच म्हणला, "तुमी घरी या." मिरचीची पिशवी तिथंच राहिली. येताना जीपमधला माणूस पाऊसपाण्याचं बोलत होता आणि मी हो हो म्हणत होतो... घरी आलो तर दारात चपलाच चपला. सकाळी बायकोनं चहा करून दिलता, साखर कमी पडली म्हणून मी कुरकुरलतो. दुपारी चुलीपाशी बसल्या बसल्याच गेली. कुणाला हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही म्हणे.

तिचं नाव कौसल्या. वस्तीवर सगळे कौसामावशी म्हणायचे. मी आपला सगळा जन्म 'अगं' म्हणूनच काढला. नवऱ्यानं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही. आता लिहितोय, तर लिहितो. दिसायला काही खास नव्हती, तोंडानं फटकळ, आणि चालताना इतकी पुढं निघून जायची की मी मागून सामान घेऊन येणारा गडी वाटायचो. आमची निम्मी जिंदगी ऊसतोडीत गेली. दिवाळी झाली की बैलगाडी जुंपायची आणि परमुलखात उसाच्या फडावर जाऊन कोपी घालायची. कोपी म्हणजे बांबू आणि पाचटाची झोपडी. रात्री तोंडावर पाचटाचा भुगा पडायचा. घरी येईपर्यंत उन्हाळा निम्मा सरायचा, गावातल्या बायांच्या कुरडया-पापड्या डब्यात गेलेल्या असायच्या. वस्तीवर आम्ही सगळेच तोडीवाले. मग आमच्या बाया उशिरा, घाईघाईत, मिळेल त्या बाजेवर वाळवण घालायच्या. शेळी तोंड घालायची, धूळ बसायची. कौसाला त्याचा लई राग.

म्हणून मधल्या खोलीवर स्लॅब पडला, तेव्हा तिनं वर जाऊन पहिल्यांदा काय केलं, तर पदरानं झाडून घेतलं आणि खाली वाकून ओरडली, "गये, ये गं वर. इथं शेळी येत न्हाई." वस्तीवर स्लॅब आमचा एकट्याचा, बाकी सगळे पत्रे. पत्र्यावर बाई बसू शकत नाही. तवापासून दर उन्हाळ्यात आमच्या घरातून बायांची वाट. जिना घराच्या आतून, चुलीशेजारून. पहाटेपासून पातेली, सोरे, जुनी लुगडी घेऊन बाया वर चालल्यात आणि ही खालून हुकूम सोडतीय. पुढं वस्तीवरच्या बहुतेकांनी तोडीला जाणं सोडलं, आमचं तर गुडघ्यांनीच थांबवलं, पण गच्ची काही थांबली नाही. एकदा मी म्हणलं, हे घर हाय का चावडी? तर म्हणली, "कोपीत राहून राहून तुमाला माणसं नकोशी झाली. मला न्हाई झाली."

मग सोलर आलं. वस्तीवर लाईनचा भरवसा नव्हता, दिवसा असायची, संध्याकाळी गायब. आमची लेक नंदा लिंबागणेशला दिलीय, तिच्या सासरी सोलर होतं. तिनंच आईच्या डोक्यात भरवलं. बीडहून फिटर आला. पोक्त माणूस, मिशा रंगवलेल्या. त्यानं गच्ची मोजली आणि दोन दिवसांत प्लेटा बसवल्या, दक्षिणेकडं तोंड करून, अगदी स्लॅबलगत. खाली खोलीत बॅटरी ठेवली. संध्याकाळी लाईन गेली आणि आमच्या घरात पंखा फिरत राहिला, तेव्हा ही पंख्याकडं बघत जेवली. पण सकाळी वर गेली आणि तशीच खाली आली. सगळं ऊन प्लेटांनी घेतलं होतं. बायांना बसायला कठड्यालगत बोळ उरली होती, तीही सावलीची.

पुढच्या हप्त्यात बॅटरी भरेना. संध्याकाळी दिवा मिणमिण करायचा आणि विझायचा. मी फिटरला फोनवर तोंडाला येईल ते बोललो. तो मोटारसायकलवर उन्हातान्हात आला, बॅटरी बघितली, वायरी बघितल्या, मग वर गेला. मी मागून गेलो. बघतो तर सगळ्या प्लेटांवर ओली लुगडी अंथरलेली आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडया, ओळीनं. कौसा, गयाबाई आणि दोघी-चौघी बोळीत बसून राखण करत होत्या.

"मावशी, हे काय लावलंय?" फिटर म्हणला.

"कुरडया."

"प्लेटंवर?"

"मग कुठं घालू, तुझ्या डोक्यावर? सगळं ऊन तूच अडवलंस. अन् लई छान वाळत्यात, बघ. काच तापती ना."

"अवं, प्लेटंवर सावली पडली की लाईट तयारच होत न्हाई."

"कुरडईची कसली रं सावली? जाळी हाय ती."

फिटर खाली बसला आणि हसत सुटला. एक कुरडई उचलून कडामकडाम खाल्ली. मग कौसा त्याच्यासमोर बसली. म्हणली, मला लाईटबी पाहिजे आणि माझ्या बायाबी पाहिजेत, काय करायचं ते सांग. तो म्हणला, प्लेटा काढून गोठ्यावर टाकू. मी म्हणलं, गोठ्यावर लिंबाची सावली, तिथं निम्मी लाईट बुडणार. मग हिनं हात डोक्याच्या वर नेला आणि म्हणली, एवढ्या उंच कर. बाई खालून चालली पाहिजे. फिटर म्हणला, उंच केल्या तर वारं उचलून नेईल. "मग ताणून बांध."

पाटोद्याच्या वेल्डरनं उंच पाय करून दिले, फिटरनं कुरकुरत प्लेटा चढवल्या आणि तारा ओढून कठड्याला बांधल्या. वळवाचं वादळ आलं की ती जिन्याच्या दारात उभी राहून वाऱ्याला शिव्या द्यायची. दोन वेळा तारा ढिल्या झाल्या, फिटर बोलत बोलत येऊन आवळून गेला. पण टिकल्या. आणि खाली जी सावली झाली... बाया सावलीत बसून पापड लाटायच्या, पलीकडं उन्हात नेऊन घालायच्या. तिनं वर पिना लावायचा बोर्ड बसवून घेतला, सगळ्या वस्तीचे मोबाईल तिथं चार्जिंगला. खंडेनवमीला मी कोयता-कुऱ्हाड पूजायचो, ती वर जाऊन प्लेटांच्या पायांना हळदकुंकू लावायची. काचेला नाही. तेवढं तिला कळलं होतं.

ती माघात गेली. तेरावं झालं, पाहुणे गेले. शिमगा झाला, ऊन तापलं, आणि गच्चीवर कोणी येईना. बाया पुन्हा दारात बाजा टाकून वाळवण घालू लागल्या. शेळ्यांना हाकलतानाचे आवाज यायचे. वर प्लेटा चालू, खाली पंखा चालू आणि मी एकटा त्याच्या खाली. नंदा आली, म्हणली, "आबा, घराला कुलूप लावा, माझ्याकडं चला. कुणासाठी बसलाव हितं?" गच्ची अशीच रिकामी राहणार असंल तर कुलूपच बरं, असं मलाही वाटायला लागलं.

जायच्या आधी गयाबाईच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणलं, गच्चीवर कावून येईना झालात?

"भावजी, राग मानू नका," ती म्हणली. "कौसा होती तवा आमी तिच्या घरातून वर जायचो. आता तुमच्या घरातून कसं जायचं, सुना घेऊन?"

"मी काय खातो का तुमाला?"

"खात न्हाई. पर बाज तर जिन्यापाशीच टाकून निजता. अन् घरात दुखवटा हाय."

"दुखवटा मला हाय. मी कुरडया करनार न्हाई वर्षभर. तुमी कावून सुटी घेतली?"

ती खाली बघून गहू निवडत राहिली. मी परत आलो आणि त्याच वेल्डरला बोलावलं. गोठ्याच्या बाजूनं, बाहेरून, लोखंडी जिना लावून घेतला. आतल्या जिन्याच्या दाराला वरच्या अंगानं कडी बसवली. बायांनी वरून लावून घ्यायची. आणि माझी बाज उचलून गोठ्यापुढं लिंबाखाली टाकली. गयाबाई लांबून बघत होती.

परवा पहाटे लोखंड वाजलं. मी डोळे मिटून पडून राहिलो. पाऊल, मग दुसरं पाऊल, मग पातेलं आपटलं, कोणीतरी कुणाला तरी हळू म्हणलं. वरची कडी लागल्याचा आवाज आला. उजाडेपर्यंत वर कलकल सुरू झाली, सोऱ्याचं कुरकुर, गव्हाच्या चिकाचा वास. आणि मग गयाबाईच्या सुनेनं कठड्यावरून, न बघताच, खाली आवाज दिला, "कौसामावशे, पानी दे गं वर."

सगळं एकदम बंद पडलं. सोरासुद्धा थांबला.

मी उठलो. रांजणातून कळशी भरली आणि लोखंडी जिना चढलो. वर गेलो नाही, शेवटच्या पायरीवर ठेवली. म्हणलं, पानी ठिवलंय, आणि उतरलो. नंदाला फोन केला की कुलूप नको, वर माणसं हायेत.

दुपारी गयाबाई पदर सावरत आली. म्हणली, "भावजी, सवयीनं बोलली वो सून. बोलले मी तिला. आता न्हाई असं व्हायचं."

मी म्हणलं, बोलू नका तिला. तशीच हाक मारा. पानी मी आनतो.